हलशीच्या पाटीपासून ऱ्हाइनच्या काठापर्यंत: प्राचीन जर्मानिक लोकांचा अभ्यास घरबसल्या कसा करावा

एक दोनशे पानी वही घ्या, आडवी धरा आणि प्रत्येक पानावर तीन रकाने आखा. पहिल्यावर लिहा ‘बोली’, दुसऱ्यावर ‘वस्तू’, तिसऱ्यावर ‘परक्यानं ठेवलेलं नाव’. पुस्तक नंतर उघडायचं. प्राचीन जर्मानिक लोकांविषयी जे वाचाल, ऐकाल, संग्रहालयाच्या फोटोत बघाल, ते आधी यांतल्या एका रकान्यात टिपायचं. एका रकान्यातून दुसऱ्यात बाण काढायचा असेल तर पुरावा हातात हवा. या विषयात गेल्या दीडशे वर्षांत ज्या मोठ्या चुका झाल्या, त्या असे बाण पुराव्याशिवाय काढल्यामुळेच झाल्या.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला. मी निवृत्त झाल्यावर भाची जर्मनीला नोकरीसाठी गेली आणि एका रविवारी तिथल्या संग्रहालयातून तिचा फोन आला. “आत्ती, इथं पाटीवर ‘जर्मानेन’ लिहिलंय. म्हणजे जर्मनच ना?” मी घाईत ‘हो’ म्हणाले. फोन ठेवला आणि ते उत्तर मला स्वस्थ बसू देईना. तेव्हापासून आम्ही सहा-सातजण गावातल्या वाचनालयात दर रविवारी बसतो. त्यात बी.एड. करणारी एक मुलगी आहे, निवृत्त बस कंडक्टर आहेत, गणपती घडवणारे एक कुंभारमामा आहेत. पुढं जे सांगते ते या बैठकांतून तावून निघालेलं आहे.

रकाने तीनच का, हे आपल्या घरावरून पटकन कळतं. आमच्या घरात मराठी बोलतात. कुलदैवत सौंदत्तीची यल्लम्मा. शेताची पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, कन्नडमध्ये निघते. चुलीवरचं मडकं ज्या कुंभाराकडून आलं त्याच्या घरात कन्नड. माझं माहेर चंदगड तालुक्यातलं. १९५६ पर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होतं. राज्यं नव्यानं आखली गेली आणि ते कोल्हापूर जिल्ह्यात गेलं. माझ्या आजीनं गाव सोडलं नाही, तिचा जिल्हा मात्र बदलला. आता दोन हजार वर्षांनी कुणी आमचं घर खणलं आणि नुसतं मडकं सापडलं, तर त्यावरून आम्ही काय बोलत होतो हे त्याला सांगता येईल का? आणि कुठल्या सरकारी कागदात आमच्या गावाचं नाव सापडलं, तर त्यावरून आम्ही स्वतःला काय म्हणत होतो हे कळेल का? सीमाभागातल्या माणसाला हे प्रश्न समजावून सांगावे लागत नाहीत. म्हणून मला वाटतं, हा विषय शिकायला बेळगावसारखी जागा नाही.

नावापासून सुरुवात करा

‘गेर्मानी’ हे नाव तिसऱ्या रकान्यात जातं. ऱ्हाइन नदीपलीकडच्या माणसांना हे नाव रोमन लेखकांनी सरसकट लावलं. त्या माणसांनी स्वतःला एकत्रितपणे असं म्हटल्याचा पुरावा नाही. ते स्वतःला खेरुस्की म्हणत, खात्ती म्हणत, बटावी म्हणत; आपापल्या टोळीचं नाव सांगत. टॅसिटस हा रोमन इतिहासकार स्वतःच लिहून ठेवतो की हे नाव अलीकडचं आहे, आधी ऱ्हाइन ओलांडून आलेल्या एका टोळीपुरतं होतं आणि मग सगळ्यांवर पसरलं.

आजचे जर्मन स्वतःला ‘डॉइच’ म्हणतात. तो शब्द ‘लोक’ या अर्थाच्या जुन्या शब्दापासून आला, म्हणजे लोकांची बोली बोलणारे. तेव्हा भाचीला द्यायचं खरं उत्तर असं: जर्मानिक हा भाषांच्या एका मोठ्या कुळाचा शब्द आहे. त्यात जर्मन येतात तसे इंग्रज, डच, डेनिश, स्वीडिश, नॉर्वेजियन, आइसलंडचे लोकही येतात. गॉथ, व्हँडल यांच्यासारखे ज्यांची भाषाच आता उरली नाही तेही येतात. हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. पुढे दहा वेळा उपयोगी पडेल.

नावं ठेवण्याचा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालतो. जर्मानिक भाषा बोलणारे शेजारच्या केल्ट आणि रोमन लोकांना ‘वाल्हाझ’ म्हणत, म्हणजे परके. त्यातूनच ब्रिटनमधले ‘वेल्श’ आले, बेल्जियममधलं ‘वालोनिया’ आलं आणि ‘वॉलनट’ म्हणजे अक्रोड, परक्यांचं फळ, हाही शब्द आला. वेल्श माणूस स्वतःला ‘कम्री’ म्हणतो.

नकाशा हातानं काढा

मोबाइलवरचा नकाशा बघून पुढे जाऊ नका, हातानं काढा. वर डेन्मार्क आणि स्वीडनचं दक्षिण टोक, खाली उत्तर जर्मनीचा सपाट प्रदेश. डावीकडून उजवीकडे नद्या: ऱ्हाइन, वेझर, एल्ब, ओडर. या चारही उत्तरेकडे समुद्राला जातात. तळाशी डॅन्यूब, ती पूर्वेकडे वाहते. ऱ्हाइन आणि डॅन्यूब म्हणजे पुढे रोमन साम्राज्याची कड.

याच उत्तर भागात साधारण इ. स. पू. १७०० ते ५०० या काळात ब्राँझ, म्हणजे तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू, वापरणारी एक मोठी संस्कृती होती. डेन्मार्कमध्ये तांबं नाही, कथीलही नाही. धातू सगळा दुरून यायचा आणि बदल्यात समुद्रकाठचा अंबर, म्हणजे झाडांच्या चिकाचा दगड झालेला पिवळा खडा, जायचा. १९०२ मध्ये ट्रुंडहोमच्या दलदलीत नांगरताना सापडलेला सूर्यरथ बघा: चाकांवर उभा ब्राँझचा घोडा आणि त्यानं ओढलेली, एका बाजूला सोन्याचा पत्रा असलेली चकती. आपल्याकडच्या सूर्याच्या घोड्यांची आठवण होतेच. आठवण होऊ द्या, पण बाण काढू नका. हा रथ साधारण इ. स. पू. १४०० चा आहे आणि तो घडवणाऱ्यांची भाषा लिहिलेली कुठेच नाही. वस्तूच्या रकान्यात लिहायचं आणि थांबायचं.

पुढे लोखंड आलं. खाणीतलं नव्हे, दलदलीत साचणारं लोहखनिज भट्टीत तापवून काढलेलं. उत्तर जर्मनीत यास्टोर्फ नावाच्या खेड्याजवळ मृतांच्या रक्षेचे कलश पुरलेली मोठी दफनभूमी सापडली, म्हणून इ. स. पू. सहाव्या शतकापासूनच्या या संस्कृतीला यास्टोर्फ म्हणतात. बहुतेक अभ्यासक मूळ जर्मानिक भाषेची घडण साधारण याच काळात, इ. स. पू. ५०० च्या आसपास, याच टापूत ठेवतात. इथं पहिल्या दोन रकान्यांत तुटक रेघेचा बाण काढायला हरकत नाही. पक्की रेघ नको, कारण कलश पुरणारा प्रत्येकजण एकच बोली बोलत होता हे कलश सांगत नाही.

बोली: हलशीला जाऊन या

हा भाग मला सगळ्यात प्रिय आहे, तेव्हा इथं जास्त वेळ घेते.

नंदगडहून हलशीला जा. भूवराह नरसिंहाचं देऊळ बघा आणि मग गावाच्या नावाच्या पाटीसमोर उभे राहा. कदंब राजांच्या ताम्रपटांत या गावाचं नाव ‘पलाशिका’ आहे. पलाशिकाची हलशी झाली. ‘प’चा ‘ह’ झाला. तुंगभद्रेकाठच्या पंपेची हंपी झाली, तिथंही तेच. हा बदल एखाद्या गावाच्या लहरीनं झालेला नाही. जुन्या कन्नडमध्ये शब्दाच्या आरंभी असलेला ‘प’ काही शतकांत हळूहळू ‘ह’ झाला: पाल्-चं हालु म्हणजे दूध, पत्तु-चं हत्तु म्हणजे दहा, पुलि-चं हुलि म्हणजे वाघ, पावु-चं हावु म्हणजे साप. आमच्या कंडक्टरमामांना हे एका वाक्यात समजलं. ते म्हणाले, “तिरुपतीला चहाच्या टपरीवर मी ‘पालु’ ऐकलंय. मला वाटलं तो चुकीचं बोलतोय.” तेलुगूत ‘प’ तसाच राहिला, कन्नडमध्ये तो हलला. एक शब्द बदलला तर त्याला चूक म्हणता येईल. रांगच्या रांग एकाच दिशेला हलली की तो नियम असतो.

हे डोक्यात ठेवून जर्मानिककडे वळा. एका ओळीत मराठी किंवा संस्कृत शब्द लिहा, शेजारी इंग्रजी. पाद–फूट. पितृ–फादर. तीन–थ्री. दहा–टेन. दात–टूथ. गाय–काऊ. जू, नांगराचं, म्हणजे संस्कृत युग–योक. आता आरंभीचे ध्वनी मोजा, ‘योक’मध्ये शेवटचा. ‘प’च्या जागी ‘फ’, ‘त’च्या जागी ‘थ’, ‘द’च्या जागी ‘ट’, ‘ग’च्या जागी ‘क’. इथंही रांगच्या रांग हलली आहे. डेन्मार्कच्या रास्मुस रास्कनं १८१८ मध्ये हे दाखवलं आणि याकोब ग्रिमनं १८२२ मध्ये ते नियमात बसवलं, म्हणून त्याला ग्रिमचा नियम म्हणतात. त्याआधी १७८६ मध्ये कलकत्त्यात न्यायाधीश असलेल्या विल्यम जोन्सनं संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून निघाल्या असाव्यात असं मांडलं होतं आणि गॉथिकही त्याच घराण्यातली असावी असं सुचवलं होतं.

तिसरा शेजार म्हणून कन्नड लिहा: पायाला कालु, तीनला मूरु, दहाला हत्तु, दाताला हल्लु. ही रांग जुळत नाही, कारण कन्नड वेगळ्या कुळातली. माझ्या घरापासून चार घरांवर जी भाषा बोलतात तिचं मूळ वेगळं, आणि सात हजार किलोमीटरवर भाची ज्यांच्याबरोबर काम करते त्यांच्या भाषेचं मूळ आपल्याशी एक. पण लग्नकार्याला धावून कोण येतं, सणाला कुणाकडे ताट जातं, देव कुणाचा एक, हे विचारलं तर उत्तर उलट येतं. दोन्ही उत्तरं वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवा. भाषेचं नातं म्हणजे रक्ताचं नातं नव्हे हे इतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसणार?

आता एक शब्द खोल खणा: पशु. कन्नड शाळेत तत्सम-तद्भवांच्या यादीत ‘पशु–हसु’ ही जोडी असते. हसु म्हणजे गाय. जर्मानिकमध्ये तोच शब्द ‘फेहु’ झाला. अर्थ आधी गुरंढोरं, मग धन. त्याच धाग्यावर इंग्रजीतली ‘फी’ आहे. जर्मानिक लोकांच्या जुन्या रुन लिपीतल्या पहिल्या अक्षराचं नावही हेच, फेहु. मात्र एक फरक टिपा. कन्नडनं ‘पशु’ शेजाऱ्याकडून घेतला आणि आपल्या वळणानं बदलला. जर्मानिकला तो वारशात मिळाला. उसना आणि वडिलोपार्जित, दोन्ही शब्द पहिल्या रकान्यातच जातात, पण शाई वेगळी वापरा. मी उसन्यांसाठी हिरवी वापरते.

उसने शब्द फार मोलाचे असतात. आपण तूप आणि अडकित्ता कन्नडकडून घेतले, तसा जर्मानिक भाषांनी लोखंडाचा शब्द केल्टिक शेजाऱ्यांकडून घेतला. वस्तू आणि शब्द हातात हात घालून आले. इथं बाण पक्क्या शाईनं काढा. उलट दिशेनं बघायचं तर फिनलंडला जा. फिनिश भाषा या कुळातली नाही, पण तिनं ‘राजा’साठी घेतलेला ‘कुनिंगास’ हा शब्द मूळ जर्मानिक ‘कुनिंगाझ’च्या इतका जवळ राहिला की खुद्द इंग्रजीचा ‘किंग’ त्यापुढे झिजलेला वाटतो. आपला जुना शब्द शेजाऱ्याच्या घरी सांभाळलेला सापडतो.

नियमाला अपवाद दिसले तर घाबरू नका, ते जपून ठेवा. ग्रिमनंतर पन्नास वर्षं एक कोडं अडकून होतं: ‘भ्रातृ’ आणि ‘पितृ’ दोन्हींत ‘त’, मग जर्मानिकमध्ये एकाचा ‘थ’ आणि दुसऱ्याचा ‘द’ का? आजच्या जर्मनमध्येही भावाला ब्रुडर आणि वडिलांना फाटर, मधला ध्वनी वेगळा. कार्ल व्हर्नर या डेनिश तरुणानं १८७५ मध्ये ते सोडवलं, आणि सोडवलं ते वैदिक संस्कृतच्या स्वराघातावरून. ‘भ्राता’त आघात पहिल्या अक्षरावर, ‘पिता’त शेवटच्या. जर्मानिकमध्ये तो आघात पुढे सगळीकडे पहिल्या अक्षरावर सरकला, पण ‘त’चं काय झालं यात त्याची खूण उरली. पाठशाळेत मुलं मान हलवत, हात वरखाली करत जे स्वर पाठ करतात, त्यानं डेन्मार्कच्या माणसाचं कोडं सुटलं. हे शिकवताना माझा आवाज अजूनही कापतो.

एक सावधगिरी. एखादाच शब्द जुळला म्हणून उड्या मारू नका. फारसी ‘बद’, जो आपल्या ‘बदनाम’मध्ये आहे, आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा अर्थ एक, उच्चार जवळ, पण नातं काहीच नाही. रांग हवी, किमान सात-आठ शब्दांची.

टॅसिटस कसा वाचावा

इ. स. ९८ मध्ये टॅसिटसनं ‘गेर्मानिया’ लिहिलं. छेचाळीस छोटी प्रकरणं आहेत, इंग्रजी अनुवाद मोफत मिळतो, दोन बैठकांत वाचून होतो. पण वाचताना समासात सारखं लिहायचं: हा तिथं गेला होता का? तो गेल्याचा पुरावा नाही. त्यानं आधीच्या लेखकांचं, सैनिकांचं, व्यापाऱ्यांचं ऐकून लिहिलं, आणि रोमच्या चैनी, ढासळलेल्या समाजाला आरसा दाखवायला लिहिलं. म्हणून ‘त्यांच्यात सोन्याचा मोह नाही, त्यांच्या बायका पतिव्रता’ अशी वाक्यं आली की समजा, बोट रोमकडे आहे.

आम्ही पाच, अकरा, सोळा, अठरा आणि चाळीस ही प्रकरणं आधी वाचली. पाचव्यात तो म्हणतो की गुरं हीच त्यांची आवडती संपत्ती, पण जनावरं बुटकी. उत्खननातल्या हाडांवरून ती खरोखरच बुटकी निघाली, बाण काढा. अकराव्यात सभा: अमावास्येला किंवा पौर्णिमेला भरते, सगळे शस्त्रं घेऊन येतात, पण वेळेवर येत नाहीत, जमायलाच दोन-तीन दिवस जातात. प्रस्ताव पटला नाही तर कुरबुर, पटला तर भाले वाजवायचे. काळ मोजायचा तो रात्रींनी. इंग्रजीतला ‘फोर्टनाइट’ म्हणजे चौदा रात्री, ही त्या सवयीची उरलेली खूण.

अठराव्यात लग्न आहे. देणं नवरा देतो: बैल, लगाम घातलेला घोडा, ढाल, भाला, तलवार. हे वाचून आमच्यातली बी.एड.वाली मुलगी बराच वेळ गप्प बसली. तिच्या ताईच्या लग्नात काय काय द्यावं लागलं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी तिला एवढंच म्हटलं, की हे आधी तिसऱ्या रकान्यात लिही, कारण सांगणारा रोमन आहे, पण लिही.

चाळीसाव्यात नेर्थुस देवी. उत्तरेकडच्या सात टोळ्या तिला मानतात, त्यांत पुढे इंग्लंडला नाव देणारे आंग्लही आहेत. बेटावरच्या राईत कापडानं झाकलेला गाडा. गाई तो ओढतात, पुजाऱ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. देवी ज्या गावात जाते तिथं सण, लढाई बंद, सगळं लोखंड कुलपात. फेरी संपली की गाडा, कापड आणि, ऐकीव खरं मानलं तर, देवीसुद्धा एका गुप्त तळ्यात धुतात, आणि धुणाऱ्या गुलामांना त्याच तळ्यात बुडवतात. आमच्याकडे कित्येक वर्षांनी लक्ष्मीयात्रा येते, आधी वार पाळतात, लेकीबाळी माहेरी येतात, देवी रथात बसून गावभर फिरते. त्यामुळे पहिला भाग वाचताना सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आपलंच गाव उभं राहिलं आणि शेवटच्या ओळीला सगळे दचकले. तुलना ही समजून घेण्यापुरती ठेवा. दोन्हीकडे गाडा आहे म्हणून एकाचं मूळ दुसऱ्यात शोधू नका. डेन्मार्कच्या देयबियर्गच्या दलदलीत १८८० च्या दशकात सुटे केलेले, ब्राँझनं मढवलेले दोन सुंदर गाडे सापडले. ते दुसऱ्या रकान्यात लिहा. त्यांच्यावर नेर्थुसचं नाव कोरलेलं नाही, आणि घडण तर केल्टिक वळणाची आहे.

दलदल आणि घर

टॅसिटस एका बाजूला ठेवून जमिनीला विचारायचं. डेन्मार्कमध्ये सिल्केबोर्गजवळ १९५० मध्ये पीट, म्हणजे जळणासाठी दलदलीतली कुजकी माती, कापणाऱ्यांना एक माणूस सापडला, इतका ताजा की त्यांनी पोलिसांना बोलावलं. डोक्याला कातड्याची टोपी, गळ्यात चामड्याचा वेणीचा फास, चेहरा झोपल्यासारखा. तो साधारण इ. स. पू. ४०० च्या आसपासचा निघाला. पोटात शेवटचं जेवण: बार्ली, जवस आणि रानबियांची पेज. त्याला टोलुंडचा माणूस म्हणतात. टॅसिटसनं भित्र्यांना चिखलात बुडवण्याच्या शिक्षेबद्दल लिहिलंय, पण हा माणूस त्याच्या पाचशे वर्षं आधीचा आणि फासावर गेलेला. बळी की गुन्हेगार, ते प्रेत सांगत नाही. मिटलेले डोळे आणि व्यवस्थित दुमडलेले पाय एवढं सांगतात की नंतर कुणीतरी त्याला जपून ठेवलं.

घर समजायचं असेल तर उत्तर समुद्राकाठचं फेडर्सन व्हिर्ड बघा. भरतीपासून वाचायला उंचवटा रचून त्यावर वसवलेलं गाव; १९५५ ते १९६३ मध्ये ते खणलं. लांबलचक लाकडी घरं, एका टोकाला चूल आणि माणसं, दुसऱ्या टोकाला दोन्ही बाजूंनी गुरांचे कप्पे, सगळं एका छपराखाली. ओल्या मातीत लाकूड टिकलं म्हणून कप्पा न् कप्पा मोजता आला. हे शिकवायला मला चित्र लागलं नाही. आमच्या जुन्या घरात उंबरा ओलांडला की आधी गोठा, मग सोपा, मग माजघर. पावसाळ्यात जनावरांची ऊब घराला मिळते, हे खानापूरच्या पावसात वाढलेल्या माणसाला सांगायला नको. कुंभारमामांनी तिथल्या मडक्यांचे फोटो भिंगानं पाहिले आणि म्हणाले, “चाक नाही वापरलेलं, हातानं उभारलंय.” त्या काळातली तिथली बहुतेक भांडी तशीच आहेत.

नदी आणि दोन भाऊ

आता ऱ्हाइन. तिच्या अलीकडे, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या बाजूला, गॉल, पलीकडे गेर्मानी, ही रेघ ज्युलियस सीझरनं आपल्या वृत्तांतात ठळक केली. इ. स. पू. ५५ मध्ये दहा दिवसांत त्यानं नदीवर पूल बांधला, अठरा दिवस पलीकडे राहिला आणि परतताना पूल मोडला. पण गंमत अशी की अलीकडच्या काठावरही ‘गेर्मानी’ राहत होते हे तोच लिहितो, आणि त्यांच्या बऱ्याच प्रमुखांची नावं केल्टिक वळणाची आहेत. रेघ मारणाऱ्याला रेघ हवी होती. काठावरची माणसं तिच्या दोन्ही बाजूंना होती.

आर्मिनिउस हा खेरुस्की सरदाराचा मुलगा. रोमचं नागरिकत्व मिळालेला, रोमन सैन्यात अधिकारी झालेला. इ. स. ९ मध्ये त्यानंच रोमन सेनापती व्हारुसच्या तीन लीजन, म्हणजे तीन मोठ्या पलटणी, ट्युटोबुर्गच्या जंगलात कापून काढल्या. १९८७ मध्ये काल्क्रीझे इथं एका ब्रिटिश अधिकाऱ्याला धातुशोधकानं रोमन नाणी आणि गोफणीचे शिशाचे गोळे सापडले, आणि त्या लढाईची जागा बहुधा तीच असं आता मानतात.

पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्याचा भाऊ फ्लावुस. तो रोमकडेच राहिला, लढाईत एक डोळा गेला. इ. स. १६ मध्ये वेझर नदीच्या दोन काठांवर दोघे भाऊ समोरासमोर आले. एकानं वाढलेला पगार आणि मिळालेली मानचिन्हं सांगितली, दुसऱ्यानं त्याला स्वस्तातली गुलामी म्हटलं, पूर्वजांची, देवांची, आईची आठवण दिली. शिव्यांवर आलं, फ्लावुस घोडा आणि हत्यार मागू लागला, एका रोमन अधिकाऱ्यानं त्याला धरून ठेवलं. संवाद टॅसिटसनं शतकानंतर लिहिला, शब्द त्याचे आहेत हे विसरू नका. तरी वहीत ही दोन नावं लिहायला गेलात की हात थांबतो. आर्मिनिउस हे नाव रोमन नोंदीतलं, फ्लावुस म्हणजे लॅटिनमध्ये ‘पिवळ्या केसांचा’. आईनं दोघांना काय हाक मारली असेल ते कुठेच लिहिलेलं नाही. दोन्ही भाऊ तिसऱ्या रकान्यात जातात.

जिथं पाऊल जपून टाकायचं

गुस्टाफ कोसिना या जर्मन संशोधकानं १९११ मध्ये ठामपणे मांडलं की ठळक सीमा असलेला वस्तूंचा प्रदेश म्हणजे एक लोकसमूह. मडकी जिथवर, तिथवर आपले लोक. म्हणून ती जमीन आपली. नाझींनी हे उचललं आणि पोलंडवर हक्क सांगायला वापरलं. १९४३ मध्ये एसएस या नाझींच्या सशस्त्र संघटनेची तुकडी ‘गेर्मानिया’चं हस्तलिखित मिळवायला इटलीतल्या एका वाड्यात शिरली, ते त्यांच्या हाती लागलं नाही. ‘आर्य’ हा आपल्या भाषेतला शब्द त्याच लोकांनी कोट्यवधींच्या जिवावर उठवला. आपल्याकडेही अधूनमधून पत्रकं फिरतात, जर्मन मूळचे भारतातले किंवा आपण मूळचे उत्तरेकडले. असं पत्रक आलं की ते तीन रकान्यांत मांडून बघा. बहुतेक वेळा पहिल्या रकान्यातले दोन-चार शब्द आणि बाकी नुसते बाण निघतात. आणि शिंगांचं शिरस्त्राण घातलेले व्हायकिंग या वहीत आणू नका. व्हायकिंग आठव्या शतकाच्या अखेरीपासूनचे, आणि त्यांची शिरस्त्राणं शिंगांची नव्हती.

मुलांना गोडी लावायची तर वारांपासून लावा. मंगळ, बुध, गुरू, शुक्र हे आपले वार रोमनांकडेही त्याच ग्रहदेवतांचे. जर्मानिक लोकांनी त्यांच्या जागी आपले देव बसवले: मंगळाच्या जागी टिव, बुधाच्या जागी वोडन, गुरूच्या जागी थोर, शुक्राच्या जागी फ्रिग. ट्यूसडे ते फ्रायडे तयार. शनीला मात्र इंग्रजीत जोडीदार मिळाला नाही, तो रोमन सॅटर्नच राहिला. बेळगावच्या शनिवार खुटावर उभं राहून हे सांगितलं की पोरं विसरत नाहीत.

सुट्टीत कोल्हापूरला गेलात तर टाऊन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझमूर्ती बघा. रोमशी व्यापार होता त्या काळात ती पंचगंगेकाठी पोहोचली. त्याच सुमाराला डेन्मार्कच्या लोलान बेटावर होबी गावातल्या एका सरदाराबरोबर दोन रोमन चांदीचे पेले पुरले गेले, त्यांवर ट्रॉयच्या युद्धातल्या ग्रीक कथा कोरलेल्या. एका साम्राज्याचा माल दोन टोकांना गेला. पेल्यातून पिणारा रोमन नव्हता आणि मूर्ती ठेवणाराही ग्रीक असायची गरज नाही. दोन्ही एकाच पानावर, वस्तूच्या रकान्यात.

मागच्या महिन्यात भाचीनं एक फोटो पाठवला. डेन्मार्कच्या फ्यून बेटावर विमोसेच्या दलदलीत सापडलेली फणी, साधारण इ. स. १६० ची. तिच्यावर रुन लिपीत एकच शब्द कोरलाय: ‘हार्या’. बहुतेक अभ्यासक ते माणसाचं नाव मानतात. मी वही उघडली. वस्तूच्या रकान्यात फणी लिहिली, बोलीच्या रकान्यात हार्या, आणि मध्ये काळ्या शाईनं बाण काढला, कारण शब्द फणीवरच आहे आणि त्यांच्याच लिपीत आहे. त्या ओळीचा तिसरा रकाना कोरा राहिला आहे.